येणे कोणाचे, पुरावा कोणता?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात झालेले भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशी कर्जाचा विषय काढावा, हे काही जणींना रुचणार नाही. परंतु हळदीकुंकवाला जमल्यावर आपण ज्या गोष्टी दबक्या आवाजात बोलतो, त्यांत वसुलीवाल्याचा फोन ही गोष्ट अलीकडे वारंवार येते. ती एकदा मोठ्याने बोलावी, एवढ्यासाठीच मी उभी आहे.

दारात मागणेकरी उभा राहिला की घराची अब्रू गेली, ही समजूत आपल्यात फार खोल रुजलेली आहे. शेजारी ऐकतील या धास्तीने बाई दार लोटून घेते, डब्यातले असेल नसेल ते काढून देते आणि पावतीही मागत नाही. वसुलीवाल्याला हे पक्के ठाऊक असते. त्याचे निम्मे काम आपली लाजच करून देते.

हिशेब मागणे ही काही आजची टूम नव्हे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकरी सावकारांविरुद्ध उठले आणि ते लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. त्यांचा मुख्य रोख सावकारांच्या खतांवर आणि रोख्यांवर होता. जागोजाग ते कागद जाळले गेले. कारण कागदावर काय लिहिले आहे, हे अंगठा उठवणाऱ्याला कळतच नव्हते. पुढे १८७९ साली सरकारने दक्षिणेतील शेतकऱ्यांसाठी कायदा केला. दिलेल्या पैशांची पावती आणि वर्षाचा हिशेब मागण्याचा हक्क त्यात शेतकऱ्याला मिळाला. आपल्या पणज्यांच्या काळी कागद जाळावे लागले. आपल्याला ते वाचता येतात. तेव्हा आपण ते मागून घ्यावेत.

मग मागायचे काय? पहिली गोष्ट, समोरचा माणूस कोण आहे. बँकेच्या वसुली प्रतिनिधीने आपले ओळखपत्र, बँकेचे अधिकारपत्र आणि बँकेने दिलेल्या नोटिशीची प्रत जवळ बाळगावी, असे रिझर्व्ह बँकेने २००८ सालीच बँकांना बजावले. वसुलीसाठी सकाळी आठपूर्वी आणि सायंकाळी सातनंतर फोन करू नये, असे तिने २०२२ साली सांगितले. फोनवर नुसते नाव सांगणाऱ्यास पैसे देऊ नयेत. बँकेच्या शाखेत जाऊन, हा माणूस तुमचाच काय, असे विचारावे.

दुसरी गोष्ट, कर्ज खरोखर आपले आहे काय. सारख्या नावांमुळे, जुन्या फोन क्रमांकामुळे, कधी उघड लबाडीने भलत्याच माणसाकडे मागणी येते. म्हणून बँकेला चार ओळींचे पत्र लिहावे: "आपण मागणी केलेल्या रकमेसंबंधी मूळ करारनाम्याची सहीसह प्रत, आजवरच्या भरण्याचा व व्याजाचा खातेउतारा आणि वसुली प्रतिनिधीच्या नेमणुकीचे पत्र पाठवावे. हे पत्र म्हणजे कर्जाची कबुली समजू नये." ही शेवटची ओळ विसरू नका. पत्र शाखेत देऊन आपल्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्यावी. आपल्या नावावर कोणती कर्जे नोंदलेली आहेत, याचा अहवाल पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा विनामूल्य मिळतो. तोही पाहून घ्यावा.

तिसरी गोष्ट, कर्ज किती जुने आहे. विनातारण कर्जाचा दावा सामान्यतः तीन वर्षांच्या आत करावा लागतो, असे १९६३ चा मुदतीचा कायदा सांगतो. मात्र त्या मुदतीत देणे लेखी कबूल केले, तर मुदत नव्याने सुरू होते. मुदत टळल्यावरही फेडीचे लेखी वचन दिले, तर ते बंधनकारक होऊ शकते. म्हणून "नुसती इथे सही करा" असे कोणी म्हटल्यास हात मागे घ्यावा आणि कागद आधी जाणत्या माणसाकडून वाचून घ्यावा.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. घरधनी गेल्यावर तेराव्याच्या आतच दारात माणसे उभी राहतात, आणि दुःखात बुडालेली बाई गळ्यातले मोडून पैसे देते. भगिनींनो, नुसती पत्नी आहे म्हणून पतीचे कर्ज तिच्या अंगावर येत नाही. वारसाची जबाबदारी मृताकडून हाती आलेल्या मालमत्तेपुरतीच असते. तिने स्वतः सहकर्जदार किंवा जामीन म्हणून सही केली असेल, तर गोष्ट वेगळी. जामिनाची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. म्हणून त्या करारनाम्यावर सही कोणाची, हे पाहणे एवढे महत्त्वाचे. बापाचे ऋण मुलाने फेडावे, हे आपण धर्म म्हणून ऐकत आलो. पण केवळ त्या धर्मकर्तव्याच्या आधारावर मुलाकडून वसुली करण्याचा हक्क हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने, तिच्यानंतर काढलेल्या कर्जांपुरता, काढून टाकला. कोणी आपखुशीने फेडले तर ते थोरपण आहे. धाकाने फेडून घेणे ही जबरदस्ती आहे.

कोणी असे समजू नये की मी कर्ज बुडवायला सांगते. घेतलेले पैसे परत केलेच पाहिजेत, आणि अडचण असेल तर बँकेत जाऊन हप्ते बदलून मागावेत. पण खरे देणेही हिशेब पाहूनच द्यावे, खात्यात भरावे, पावती घ्यावी, आणि शेवटी "काही येणे नाही" असा दाखला घ्यावा. ज्याचे येणे खरे आहे, त्याला कागद दाखवायला संकोच वाटण्याचे कारण नाही. बँकेने तक्रारीला तीस दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. धमकी किंवा शिवीगाळ झाली, तर पोलीस चौकी आहेच.

माझी मंडळाला एकच सूचना आहे. ज्या भगिनीच्या दारी असा प्रसंग येईल, तिने तो लपवू नये. आणि ती बँकेत निघाली, की आपल्यापैकी दोघींनी तिच्याबरोबर जावे. पत्राचा नमुना मी आपल्या चिटणीसबाईंकडे देऊन ठेवला आहे. ज्यांना हवा असेल त्यांनी आजच उतरवून घ्यावा.