बाजूला उभे ते कोण?

दर १ जानेवारीला कोरेगाव भीमाच्या जयस्तंभापाशी पुस्तकांच्या जोडीनं तसबिरींचीही दुकानं लागतात. रंगीत तसबिरीकडे हात आधी जातो. मी मात्र घरासाठी कृष्णधवल फोटो निवडीन: १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथं आले, तेव्हाचा. स्तंभापाशी ते कार्यकर्त्यांसह उभे आहेत. कुणी बाबासाहेब तेवढे कापून, मागं निळं आकाश भरून दिलं, तर घेऊ नये. सोबतची माणसं गेली की त्या दिवसाचं काय उरलं?

मोबाईलवर आलेल्या प्रतीवरून दोन-तीन फुटी प्रिंट काढू नका, चेहरे विरघळतात. लहान आकार पुरे. कागद मॅट घ्यावा. काच आणि फोटो यांच्यामध्ये माउंट हवाच, नाहीतर पावसाळ्यात कागद काचेला चिकटतो. उन्हाची भिंत टाळा. आदरापोटी आपण फोटो छताला भिडवतो. हा मात्र नजरेसमोर लावावा. मुलं विचारतील, बाजूला उभे ते कोण? जाणत्यांना विचारून, खात्रीची तेवढी नावं मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं लिहून ठेवा.