काचेवर वाळलेला थेंब



डी.एन.ए.च्या द्रावणाचा एक थेंब काचपट्टीवर वाळू द्यावा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. पुष्कळदा नेच्याच्या पानासारखी नक्षी दिसते. फांदीला फांदी, तिलाही बारीक फांद्या. पाहणारा हरखून म्हणतो, ‘आनुवंशिकतेचे रूप ते हेच!’ हा मोह आम्हांलाही पडला होता. परंतु ती पाने बहुधा मिठाची असतात.

प्रयोगशाळेत डी.एन.ए. सहसा लवणयुक्त पाण्यात ठेवतात. कांदा ठेचून तो घरी काढावा, तर तेथेही मीठ घालावेच लागते. पाणी उडून गेले, मीठ कोठे जाणार? सावकाश वाळले तर त्याचे चौकोनी खडे होतात. द्रव चिकट असला, वाळणे घाईचे झाले, म्हणजे स्फटिकाचे जे टोक पुढे आले त्यालाच ताजे मीठ अधिक मिळते. ते आणखी पुढे धावते आणि फांद्या फुटतात. गर्भजल काचेवर वाळवले तरी असाच नेचा उमटतो, आणि गर्भजल फुटले की नाही हे ठरवताना डॉक्टर त्याचा उपयोग करतात. त्यात कोणी कुळाचा इतिहास वाचीत नाही!

मग डी.एन.ए. कोठे असतो? बराचसा कडेला. चहाच्या डागाची कड गडद का, याचा उलगडा शिकागोच्या डीगन आणि सहकाऱ्यांनी 1997 साली केला. थेंबाची कड काचेला धरून बसते, तेथले पाणी लवकर उडते, ती तूट भरण्यास मधले पाणी कडेकडे वाहते आणि आतला माल बरोबर नेते. डी.एन.ए.चे लांब, ताठर धागे तेथे इतके दाटतात की त्यांना ओळीने उभे राहण्यावाचून गत्यंतर नसते. यालाच द्रवस्फटिक म्हणतात. ध्रुवित प्रकाशात त्याचे नागमोडी पट्टे दिसतात. ही नक्षी मात्र खरोखर डी.एन.ए.ची.

तिच्यातूनही आनुवंशिक मजकूर वाचता येत नाही. दुहेरी मळसूत्राची जाडी 2 नॅनोमीटर. दिसणाऱ्या प्रकाशाची सर्वांत आखूड लहर तिच्या सुमारे 200 पट. म्हणून लंडनच्या किंग्ज कॉलेजात रोझलिंड फ्रँकलिन आणि गॉसलिंग यांनी क्ष-किरण वापरले. धागा कोरडा होऊ न देता, हवेतला ओलावा मोजून राखून, त्यांनी 1952 साली ते प्रसिद्ध छायाचित्र मिळवले.

नेच्याचे चित्र कोणी दाखवले, तर त्याला एवढेच विचारा: त्याच लवणाचा, पण डी.एन.ए. नसलेला दुसरा थेंब शेजारी वाळवला होता काय?