म्यूज : एका शब्दाचा फेरफार



मी कामगार संघटनेतला माणूस. शाळा सातवीत सुटली. इंग्रजी शिकलो ते रद्दीतून आणलेल्या शब्दकोशावर. त्यातल्या एकाच शब्दाची वंशावळ आज तुमच्यापुढे मांडतो.

शब्द आहे ‘म्यूज’. लंडनमध्ये मोठ्या घरांच्या पिछाडीला ज्या अरुंद गल्ल्या असतात, त्यांचे हे नाव. मूळ लॅटिन धातूचा अर्थ ‘बदलणे’. जमिनीच्या फेरफाराला इंग्रजीत ‘म्यूटेशन’ म्हणतात, तेही त्याच धातूचे लेकरू. फ्रेंचांनी त्यावरून पक्ष्याच्या पिसे टाकण्याला शब्द केला. शिकारी ससाणा पिसे टाकीत असताना त्याला ज्या जागेत कोंडून ठेवीत, ती इंग्रजांची ‘म्यू’. तिचे अनेकवचन म्यूज.

चौदाव्या शतकात इंग्लंडच्या राजाचे ससाणे चेअरिंग क्रॉसला असत. १५३४ साली ती वास्तू जळाली. पुढे त्या जागी राजाची पागा बांधली गेली. ससाणे गेले, घोडे आले. नाव मात्र तेच राहिले, आणि हळूहळू लंडनच्या साऱ्याच पागांना लागले.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत मेफेअर, बेलग्रेव्हिया या श्रीमंत वस्त्या वाढल्या. पुढे रस्त्यावर धन्याचे घर, मागे गल्लीत म्यूज. तिथे खाली घोडे आणि बग्ग्या. वर माळ्यावर कोचमन, मोतद्दार आणि त्यांची बायकापोरे. नोकरांची नजर धन्याच्या बागेत जाऊ नये म्हणून पुष्कळ ठिकाणी त्या बाजूला खिडकीच ठेवीत नसत. मी गिरणीच्या चाळीत वाढलो. शब्दकोश वाचताना माझे लक्ष ससाण्यापेक्षा त्या नसलेल्या खिडकीवरच खिळले.

विसाव्या शतकात मोटारी आल्या आणि घोडे गेले. पागांच्या मोटारखोल्या झाल्या, मग राहती घरे झाली. आज त्यांतल्या एकेका घराची किंमत कित्येक कोटी रुपये आहे. ज्या माळ्यावर मोतद्दाराची पोरे लिदीच्या वासात झोपत, तिथे आता धनिक हौसेने राहतात.

मंडळी, शब्दाने पाखराची आठवण सहाशे वर्षे सांभाळली. घोड्यालाही त्याने आपल्यात जागा दिली. मोतद्दाराची खूण मात्र त्यात कुठेच उमटली नाही. म्हणून माझे एवढेच सांगणे आहे : शब्दाचे मूळ जरूर शोधा, पण तिथेच थांबू नका. त्या वास्तूत राबले कोण, हेही विचारा. फेरफाराच्या वहीत ती नोंद आपणच करायची आहे.