पातेलं कितीचं चढवायचं?

अन्न वाया जाण्याचा विषय निघाला की बोट लग्नाच्या जेवणावळींकडे आणि हॉटेलांकडे जातं. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एखाद्या घरी विचारलंत तर ‘आमच्यात काही टाकत नाहीत’ असंच ऐकायला मिळेल, आणि ते अगदीच खोटं नाही. शिळ्या भाकरीचा कुस्करा होतो, भाताला फोडणी बसते. तरीही संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा 2024 चा अहवाल वेगळंच सांगतो. 2022 साली जगात सुमारे 105 कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं 60 टक्के घराघरांतलं होतं. भारतात घरात वाया जाणाऱ्या अन्नाचा अंदाज माणशी वर्षाला 55 किलोंचा आहे. त्यात साली, देठं, हाडंही धरलेली आहेत, हे खरं. पण चौघांच्या घरात रोजचा अर्ध्या किलोहून जास्त ऐवज काही नुसत्या सालींचा नसतो.

हा ऐवज घंटागाडीतून जातो. कसबा बावड्याच्या झूम कचरा प्रकल्पावर शहराचा कचरा वर्षानुवर्षं साठत गेला, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. ढिगात हवा न मिळता अन्न कुजलं की मिथेन तयार होतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट तापवतो. मग ओला कचरा वेगळा दिला, त्याचं खत झालं, की प्रश्न मिटला? वेगळा द्यायलाच हवा. 2016 पासून तसा नियमही आहे. पण एक किलो तांदळामागे जागतिक सरासरीनं अडीच हजार लिटर पाणी लागतं. ते पाणी, शेतातला युरिया, पंपाची वीज, शिजवायचा गॅस, यातलं खतातून परत येतं ते किरकोळ. उरलेलं अन्न गाईला घालून पुण्यही पदरात पडत नाही. शिजवलेला भात जास्त झाला की तिच्या पोटात आम्ल वाढतं आणि ती आजारी पडते.

म्हणून मुळात मोजकंच शिजवावं. त्यावरचा खरा आक्षेप वेगळाच आहे: ऐनवेळी पाहुणा आला तर? कोल्हापुरात हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. रविवारी मटण शिजलं की रस्सा दोन माणसं जास्तीचाच होतो. पण नारळाच्या दुधाचा पांढरा रस्सा दुसऱ्या दिवशी खळखळून उकळला की फुटतो. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात जंतूंचं जे विष तयार होतं, ते फोडणीनंही जात नाही. भात उरलाच तर तास-दोन तासांत फ्रिजमध्ये गेला पाहिजे. कच्चा तांदूळ मात्र महिनोन्‌महिने टिकतो आणि कुकरमध्ये अर्ध्या तासात शिजतो. पाहुण्याची तजवीज डब्यात असू द्या, पातेल्यात नको. दुधाचा हिशेब ज्या कॅलेंडरवर मांडता, त्याच्याच चौकटीत आठवडाभर रोज किती भात, किती भाकरी उरली ते लिहा, आणि पुढच्या सोमवारी माप तेवढं कमी घ्या.