हीटर प्लग, दहावीचा धडा आणि माझी एक चूक

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या 1989 च्या तुकडीतले कोणी बँकेत साहेब झाले, कोणी डॉक्टर झाले, कोणी पार अमेरिकेत गेले. मी दहावीला गणितात उडालो, ऑक्टोबरला निघालो आणि आयटीआय करून परतवाड्याला गॅरेज टाकलं. तीस वर्षं होत आली. बोलायला सांगितलं तेव्हा मी विषय कळवला, ‘गाडीतला हीटर’. अकोल्याच्या मित्राचा लगेच फोन आला, “काऊन बे, मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर जाते, अन् तू आमाले हीटर शिकवून रायला काय?”

राजेहो, हसा. पण डिझेलच्या गाडीत हीटर असतो. बसणाऱ्यांसाठी नाही, इंजिनासाठी. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडते, डिझेलमध्ये पडत नाही. हवा इतकी दाबतात की ती पाचशे अंशांच्या वर तापते, आणि त्या हवेत डिझेल फवारलं की आपोआप पेटतं. रुडॉल्फ डिझेल साहेबांनी 1897 साली हे इंजिन चालवून दाखवलं. पण थंडीत इंजिनाचं लोखंड गार असतं, ते दाबलेल्या हवेतली उष्णता ओढून घेतं. म्हणून जुन्या जीपच्या प्रत्येक सिलिंडरला पेन्सिलीएवढा एक हीटर प्लग असतो. चावी अर्धी फिरवायची, प्लग लाल होऊ द्यायचे, मग स्टार्टर मारायचा.

आपल्याकडे गंमत अशी, की ऊन हा बिघाड झाकून ठेवतं. अकोल्यात, अमरावतीत चारही प्लग गेले तरी गाडी दहा महिने सुरू होते. डिसेंबरात चिखलदऱ्याला मुक्काम केला, की पहाटे कळतं.

आता माझी चूक सांगतो. आजवर घर आणि गॅरेज सोडून कुठं बोललो नाही.

2004 ची गोष्ट. सेमाडोहच्या पलीकडच्या एका गावातला जीपवाला डिसेंबरात आला. “भाऊ, सकाळी लय वेळ स्टार्टर माराव लागते, अन् पांढरा धूर सोडते.” मी प्लगच्या पट्टीला टेस्ट लॅम्प लावला. दिवा लख्ख लागला. म्हटलं, करंट येतोय, म्हणजे प्लगच गेले. एकही प्लग न तपासता चारही बदलले आणि पैसे घेतले. दुपारच्या उन्हात जीप एका झटक्यात सुरू झाली. तो खूश, मीही खूश.

जानेवारीत पहाटे त्याच्या गावातल्या एका बाईला कळा सुरू झाल्या. धारणीच्या दवाखान्यात न्यायचं होतं. जीप सुरूच होईना. बॅटरी बसली. शेवटी गावकऱ्यांनी उतारावरून ढकलून सुरू केली. पाऊण तास गेला. रस्त्यातच, जीपमध्ये बाळंतपण झालं. सोबत म्हातारी सुईण होती, म्हणून बाळ-बाळंतीण दोघं सुखरूप राहिले.

चार दिवसांनी तो आला. भांडला नाही. टेबलावर चावी ठेवली आणि म्हणाला, “भाऊ, आता पाहून द्या.” एवढंच. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

त्या रात्री मी गॅरेजचं शटर ओढून बसलो. आधी भंगाराच्या डब्यातून त्याचे जुने चार प्लग काढले आणि मीटर लावला. प्रत्येकाचा रोध एक ओहमच्या आसपास. चारही चांगले! मग दिवा लागत होता तरी प्लग का तापत नव्हते?

तेव्हा मला आपले विज्ञानाचे सर आठवले. सर, तुम्ही समोर बसला आहात. तुम्ही ओहमचा नियम फळ्यावर लिहून म्हणायचे, “आधी मोजा, मग बोला.” मी हिशेब मांडला. बारा व्होल्ट, एक ओहम, म्हणजे एका प्लगला बारा अँपिअर. चार प्लग समांतर जोडणीत, म्हणजे सुरुवातीला अठ्ठेचाळीस. माझ्या टेस्ट लॅम्पला अर्धा अँपिअरही लागत नाही. जळक्या रिलेतून अर्धा अँपिअर सहज जातो, अठ्ठेचाळीस जात नाहीत.

मग प्लग जोडलेले ठेवूनच व्होल्ट मोजले. बॅटरीवर साडेअकरा, पट्टीवर सात. बाकीचे व्होल्ट रिलेचे काळे पडलेले संपर्क खात होते. आणि उष्णता व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हेही सरांनीच शिकवलेलं. साताचा वर्ग एकोणपन्नास, बाराचा एकशे चव्वेचाळीस. प्लगला तिसऱ्या हिश्शाएवढीच ताकद मिळत होती.

रिले बदलला, वायरीची टोकं घासली, इंजिनाची अर्थची पट्टी साफ करून आवळली. आता पट्टीवर अकरा आले. गाडी रात्रभर अंगणात उघडी ठेवली आणि पहाटे पाच वाजता त्याच्यासमोर सुरू केली. चारही प्लगचे पैसे परत दिले. तो घेत नव्हता; मी खिशात कोंबले.

तेव्हापासून गॅरेजात दोन नियम आहेत. नुसत्या दिव्यावर विश्वास ठेवायचा नाही, भार असताना मोजायचं. आणि थंडीतली तक्रार थंड इंजिनावरच तपासायची, त्यासाठी गाडी मुक्कामी ठेवावी लागली तरी चालेल. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला मी हा किस्सा सांगतो, माझी चूक आहे हे सांगून.

तुमच्याकडे डिझेल गाडी असेल तर एवढं करा. चावी फिरवल्यावर वेटोळ्याच्या खुणेचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबा. स्टार्टर सलग दहा सेकंदांच्या वर मारू नका. सकाळी पांढरा धूर आणि थरथर दिसली, तर मेकॅनिकला विचारा, “मोजलं का?” त्याला राग आला तरी चालेल.

सर, गणितात मी नापास झालो तेव्हा तुम्ही घरी येऊन बाबांना म्हणाला होता, “पोराचा हात चांगला आहे.” हात चांगला होताच, सर. डोकं वापरायला मला 2005 पर्यंत वेळ लागला. आज हे तुमच्यासमोर सांगायचं होतं.

परतवाड्यावरून चिखलदऱ्याला जाल तेव्हा गॅरेजवर थांबा. चहा माझ्याकडून, आणि बॅटरी तपासणी फुकट.