स्केलिंगने दात हलत नाहीत

(म्हैसूर येथे अग्रहार भागात मराठी भाषक रेल्वे व टपाल कामगारांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



महागाई भत्ता आणि बोनस यांवर आपण तासन्‌तास बोलतो. आज आम्ही हिरड्यांवर बोलणार आहोत. हसू नका. दाढ ठणकली की माणूस रजा टाकून डॉक्टर गाठतो. हिरडीचा विकार मात्र बहुधा दुखतच नाही. दात हलू लागतो तेव्हा कळते, आणि तोवर दाताला धरून ठेवणारे हाड झिजलेले असते. ते परत भरून येत नाही.

इथून जवळच अशोकपुरमला रेल्वेचा कारखाना आहे. त्याच मार्गाने पुढे गेले की नंजनगूड. तिथल्या, १९१३ साली बी. व्ही. पंडितांनी काढलेल्या सद्वैद्यशाळेचे, भाताच्या जाळलेल्या तुसाचे दंतमंजन या मुलखात घरोघर चालत आले. आपल्याकडे शेणीची राखुंडी होती. राखुंडी असो, मंजन असो की महागडी पेस्ट, दातावर रोज धरणारा चिकट थर घासून निघतो एवढेच. जो थर राहून जातो तो लाळेतल्या क्षारांमुळे काही दिवसांत दगडासारखा होतो. हेच किटण. ते कोणत्याही मंजनाने निघत नाही; जोर लावून घासले तर हिरडी मात्र सोलते.

१९६५ साली डेन्मार्कमध्ये हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा निरोगी माणसांना दात घासणे थांबवायला सांगितले. दहा ते एकवीस दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासू लागल्यावर आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. म्हणजे सुरुवातीला हा आजार आपल्या हातात असतो.

पुढे काय होते? त्याचे उत्तर श्रीलंकेच्या चहामळ्यांतल्या कामगारांच्या तोंडून मिळाले, अक्षरशः. याच लो यांनी १९७० ते १९८५ या काळात तिथल्या ४८० तमिळ मजुरांचे दात पुनःपुन्हा तपासले. या मजुरांना दातांचा दवाखाना ठाऊक नव्हता. दात फारसे किडलेले नव्हते, पण किटण भरपूर. शंभरात सुमारे आठ जणांचा विकार झपाट्याने वाढला. पंचेचाळिशीपर्यंत त्यांचे जवळजवळ सगळे दात गेले. एक्क्याऐंशी जणांचा सावकाश वाढला आणि अकरा जणांचा सुजेपुढे गेलाच नाही. शास्त्राला मोठी माहिती मिळाली. मजुरांना काय मिळाले, हा प्रश्न कामगार संघटनेच्या व्यासपीठावरून विचारला पाहिजे. "आमच्या घराण्यात चाळिशीला दात पडतातच" असे म्हणणाऱ्यांनी हे आकडे पाहावेत. प्रकृतीचा भाग असतो, पण आपण आठांतले की अकरांतले हे आधी कळत नाही.

आता मूळ भीतीकडे येऊ. "साफ करून घेतले आणि दात सैल झाले" हे आम्ही प्रत्येक शाखेत ऐकतो. स्केलिंगच्या यंत्राचे टोक सेकंदाला हजारो वेळा थरथरते आणि पाण्याच्या फवाऱ्याखाली किटण फुटून निघते. दात खरवडला जात नाही. ज्याची हिरडी आधीच खाली सरकली आहे, त्याच्या दातांमधली पोकळी किटणाने बुजलेली असते. ते निघाले की फट जाणवते, काही दिवस गार पाणी झोंबते. हाड झिजलेला दात किटणाच्या आधाराने उभा असेल तर त्याचे हलणेही तेव्हाच उघडे पडते. दोष किटणाचा, नाव मात्र डॉक्टरचे.

रात्रपाळीचा सोबती तंबाखू याच्याबद्दल थोडे. विडी-सिगारेटने हिरडीतला रक्तपुरवठा आखडतो, त्यामुळे रोग असूनही रक्त कमी येते आणि गडी निर्धास्त राहतो. चुना-तंबाखूची चिमूट रोज जिथे धरतो तिथली हिरडी मागे हटते. दंतमंजनात तंबाखू घालण्यास केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी केली. पण घरी तव्यावर भाजलेल्या मशेरीला कोण अडवणार? आपल्या घरातल्या बायकांशी हे आपणच बोलायला हवे, उपदेश न करता. मधुमेह असलेल्यांनी तर हिरड्या तपासून घ्याव्यातच. साखर वाढली की हिरडी बिघडते आणि हिरडी बिघडली की साखर आवरत नाही.

खर्चाचे काय? रेल्वेच्या मोठ्या रुग्णालयांत दंतविभाग असतो. आपल्या दवाखान्यातून तिकडची चिठ्ठी मागून घ्या. टपाल कर्मचाऱ्यांपैकी सी.जी.एच.एस. कार्ड असलेल्यांनी वेलनेस सेंटरमधून जावे. बाकीच्यांना १९४४ चे केंद्रीय वैद्यकीय परिचर्या नियम लागू आहेत. त्यांत दात काढणे, भरणे, रूट कॅनल यांच्याबरोबर स्केलिंग आणि हिरड्यांचे उपचारही येतात. कवळी येत नाही. मात्र आधी अधिकृत वैद्यकीय अधिकाऱ्याला दाखवून त्याची चिठ्ठी घ्यावी, नाहीतर बिल अडते. निवृत्तांना हे नियम लागू नाहीत, म्हणून ज्यांची दोन-चार वर्षे उरली आहेत त्यांनी हे काम सेवेत असतानाच उरकावे. घासताना ज्यांना रक्त दिसते त्यांनी आज सभा संपल्यावर आपले नाव शाखा चिटणीसांकडे द्यावे. चिठ्ठ्यांचा पाठपुरावा एकत्र करू.