मेंढपाळांचीं पापें आणि प्रभूचा कळप



ज्युबिलीच्या मंगलप्रसंगीं उपकारस्मरण करावें, हा आपला परिपाठ आहे. परंतु जुन्या करारांतील ज्युबिलीचें वर्ष केवळ आनंदाचें नव्हतें. ज्याची भूमि त्यास परत करावी आणि दासांस मुक्त करावें, अशी त्या वर्षीं आज्ञा होती. हिशेब चुकता केल्यावांचून उत्सव पुरा होत नसे. म्हणून आज एका अवघड हिशेबाकडे मी आपलें लक्ष वेधितों.

कॅथोलिक व प्रॉटेस्टंट यांच्यांत वाद निघाला, म्हणजे तो पुष्कळदां धर्मतत्त्वांवरून घसरून माणसांच्या वर्तनावर येतो. एक पक्ष पोप सहावे अलेक्झांडर (१४९२-१५०३) यांच्या मुलाबाळांचा दाखला देतो. दुसरा विचारतो, हेसचा अधिपति फिलिप यास पहिली पत्नी जिवंत असतांना दुसरी करण्यास मार्टिन ल्यूथर यांनीं १५३९ सालीं गुप्तपणें संमति दिली, तें कसें? एक इन्क्विझिशनकडे बोट दाखवितो. दुसरा १५५३ सालीं कॅल्व्हिनच्या जिनीव्हांत जिवंत जाळलेल्या मायकेल सर्व्हेटसचें नांव घेतो.

ह्या गोष्टी खोट्या आहेत काय? नाहींत. पण त्यांच्या योगानें कोणत्या पक्षाचें मत सिद्ध होतें? कोणत्याच नाहीं. त्याच सर्व्हेटसला फ्रान्समधील व्हिएन येथील कॅथोलिक न्यायासनानेंहि आधींच दोषी ठरविलें होतें. चिखल दोन्ही अंगणांत आहे. शेजाऱ्याच्या अंगणांतला मोजल्यानें आपलें अंगण स्वच्छ होत नाहीं.

हा प्रश्न ल्यूथरहूनहि पुरातन आहे. छळाच्या काळीं पवित्र ग्रंथ शत्रूच्या स्वाधीन करणाऱ्या धर्माधिकाऱ्यांचे संस्कार निष्फळ होत, असें चौथ्या शतकांत उत्तर आफ्रिकेंतील दोनातपंथी म्हणूं लागले. हिप्पोचे बिशप संत अगस्तिन यांनीं त्यांस उत्तर दिलें, कीं स्नानसंस्कार पेत्र देवो वा यहूदा देवो, खरा देणारा ख्रिस्तच होय. वादाच्या भरांत एक गोष्ट विसरली जाते, ती ही, कीं ह्या मुद्द्यावर उभय पक्षांचें एकमत आहे. ल्यूथरपंथीयांच्या १५३० सालच्या ऑग्सबर्ग येथील मतपत्रिकेच्या आठव्या कलमांत तेंच आहे, आणि १५४७ सालीं ट्रेंटच्या धर्मपरिषदेनेंहि तेंच ठरविलें: देणारा पापी असला, तरी संस्कार व्यर्थ होत नाहीं.

ज्या धर्मगुरूच्या हातून लेकराचा स्नानसंस्कार झाला, त्याचें पाप उद्यां उघड झालें, तर “आमचें सर्व व्यर्थ गेलें काय?” असें विचारणाऱ्या मातेला ह्या शिकवणुकीनें धीर येतो. परंतु बंधूंनो, हें सत्य कळपाच्या आधारासाठीं आहे. मेंढपाळास दडण्यासाठीं नाहीं. संस्कार अबाधित राहतो म्हणून दोष हलका होत नाहीं. उलट, पवित्र वस्तु हाताळणाऱ्या हातांस जाब अधिक द्यावा लागतो. लहानग्यांस अडखळविणाऱ्याविषयीं प्रभूनें जात्याच्या तळीचे जे शब्द काढले, ते धर्मगुरूंस वगळून काढलेले नाहींत.

मग आरोपास उत्तर कसें द्यावें? १५२३ च्या जानेवारींत न्यूरेंबर्गच्या राजसभेंत पोप सहावे एड्रियन यांचा संदेश त्यांच्या वकिलानें वाचून दाखविला. ल्यूथरच्या मतांचा त्यांनीं निषेध केलाच. पण त्याबरोबर हेंहि कबूल केलें, कीं हें संकट धर्मगुरूंच्या व वरिष्ठांच्या पापांमुळें ओढवलें असून, खुद्द रोमच्या धर्मपीठांत पुष्कळ वर्षें निंद्य गोष्टी घडल्या, आणि सुधारणेचा आरंभ तेथूनच झाला पाहिजे. त्याच वर्षीं ते निवर्तले व कार्य अपुरें राहिलें. पण वाट त्यांनीं दाखविली. पुढें १९०३ सालीं कॅल्व्हिनच्या अनुयायांनीं जिनीव्हांत सर्व्हेटसच्या स्मरणार्थ प्रायश्चित्ताची शिळा उभारली. १२ मार्च २००० रोजीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या पापांबद्दल रोम येथें देवाची क्षमा मागितली.

आमचा काळहि निराळा नाहीं. धर्मगुरूंनीं बालकांवर केलेले अत्याचार व त्यांवर वरिष्ठांनीं घातलेलें पांघरूण २००२ सालीं अमेरिकेंतील बोस्टन येथें उघडकीस आलें. २०२२ सालीं तेथील सदर्न बॅप्टिस्ट पुढाऱ्यांनींहि पीडितांच्या तक्रारी वर्षानुवर्षें डावलल्या, असें चौकशींत निघालें. ही दुसरी बातमी ऐकून ज्या कॅथोलिकाला समाधान वाटलें, त्यानें आधीं प्रायश्चित्तसंस्कारास जावें. अशा प्रकारांची खबर वरिष्ठांस देणें हें पोप फ्रान्सिस यांनीं २०१९ सालीं प्रत्येक धर्मगुरूस बंधनकारक केलें. आपल्या देशाच्या २०१२ च्या कायद्यानेंहि बालकावरील लैंगिक अत्याचार ठाऊक असून न कळविणें हा गुन्हा आहे. अब्रूसाठीं मौन पाळणें, ही ख्रिस्तसभेची सेवा नव्हे.

म्हणून ह्या ज्युबिलीनिमित्त माझें मागणें एवढेंच. प्रॉटेस्टंट शेजाऱ्यानें आमच्या पापांचा उल्लेख केला, तर त्यांच्या पापांची यादी काढूं नका. खरें असेल तें खरें म्हणा, आणि मग नम्रपणें सांगा, कीं आम्ही धर्मगुरूच्या पुण्याईवर नव्हे, तर वेदीवर येणाऱ्या ख्रिस्तावर विश्वास ठेवून येथें गुडघे टेकतों. तसेंच मी किंवा माझ्यामागून येणारा कोणी वाट चुकला, तर भीड धरूं नका. आदरानें, पण स्पष्ट बोला. आणि त्याच्यासाठीं प्रार्थना करणें सोडूं नका.

उत्तम मेंढपाळ येशू आपणां सर्वांस आपल्या कळपांत राखो. आमेन.